चाकणला लागलेलं जहाज

समुद्राकाठचा माणूस जहाज बघायला घाट चढून देशावर जात नाही. मी गेलो. उरणमध्ये आमच्या वाचनालयात ही हकीकत सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर गेलं वर्षभर माझ्या ओळखीची झाली आहे. माणसाची बायको गेली की तो काहीही बोलला तरी लोक हळू आवाजात "हो, हो" म्हणतात. म्हणून हे लिहूनच काढावं असं ठरवलं. वाचणाऱ्याला निदान मान डोलवायचं बंधन नसतं.

माझी पत्नी शालिनी जहाजांची चित्रं काढायची. समुद्राची नव्हे, जहाजांची. हा फरक ती भेटेल त्याला समजावून सांगायची आणि भेटेल तो लगेच विसरायचा. समुद्राच्या चित्रात जहाज कसंही, कुठेही असलं तरी चालतं. जहाजाच्या चित्रात ते फोटोला बसवलेल्या माणसासारखं नीट दिसावं लागतं: आडवं, संपूर्ण, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत, एकही दोर न चुकवता. समोरून काढलं तर मालक म्हणतो, पैसे अख्ख्या जहाजाचे मोजले आणि तुम्ही मला नुसतं नाक दाखवताय.

तिचं मुख्य गिऱ्हाईक मात्र मालक नव्हते, बँक होती. मुंबईत फोर्टात एका बँकेची शाखा होती आणि जहाजमालकांना कर्ज देणं हेच तिचं काम. घरावर कर्ज देणाऱ्याला घर जाऊन बघता येतं. जहाजावर कर्ज देणाऱ्याची पंचाईत अशी, की तारण आज कांडल्याला, पुढच्या आठवड्यात कोलंबोला आणि त्यानंतर कुठे ते कप्तानाला ठाऊक. म्हणून तिथे एक रिवाज पडला होता. कर्ज मंजूर झालं की मालकानं आपल्या जहाजाचं तैलचित्र काढवून शाखेला भेट द्यायचं आणि साहेबांनी ते भिंतीवर टांगायचं. तारण निदान एका जागी तरी स्थिर दिसे.

पुढे जहाज विकलं जाई, नवा मालक येई. प्रत्येक कंपनीच्या धुरांड्याचा रंग ठरलेला असतो, तेव्हा चित्रातलं धुरांडंही बदलावं लागे. शालिनी उरणच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचनं मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरायची, शाखेत जाऊन स्टुलावर चढायची, चित्र न उतरवताच धुरांडं पिवळ्याचं निळं किंवा निळ्याचं काळं करायची, नाव बदलायची आणि चहा पिऊन परत यायची. 'जलनंदा' नावाच्या एका मालवाहू जहाजासाठी तिला इतक्या वेळा बोलावणं आलं, की तिथला रंग भाकरीएवढा जाड झालाय, असं ती म्हणायची. खरं जहाज तोवर मोडीत निघालेलं असणंही शक्य होतं. बँकेला त्याचं काही नव्हतं. चित्र अद्ययावत होतं.

शालिनी जाऊन वर्ष व्हायला आलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की घरात तिच्या हातचं एकही चित्र नाही. जे काढलं ते मागणीवरून काढलं आणि ज्याचं त्याच्याकडे गेलं. भिंतीवर तिचा फोटो आहे, पण स्टुडिओवाल्यानं त्यात मागे आपल्या मर्जीनं निळं आकाश घातलंय आणि त्या आकाशाखाली ती एक दिवस राहिली नसती. मला तिच्या हातचं काहीतरी हवं होतं. जमलं तर जलनंदाच हवी होती, कारण तिच्यात शालिनीची बरीच वर्षं थरावर थर बसलेली होती.

फोर्टातली शाखा बंद झाली होती, बँकच दुसऱ्या बँकेत मिसळली होती. बऱ्याच फोनांनंतर एका भल्या बाईनं सांगितलं, की जुनं फर्निचर आणि भिंतीवरच्या वस्तू चाकणच्या एका गोडाऊनमध्ये ठेवल्या आहेत.

"जहाजं चाकणला?" मी विचारलं.

"सर, हल्ली सगळं चाकणलाच जातं," ती म्हणाली.

मारुंजी

शालिनीची भाची प्राची आणि तिचा नवरा सुहास मारुंजीत भाड्यानं राहतात. दोघंही हिंजवडीला आयटीत. उतरायची सोय त्यांच्याकडे होती.

उरणमध्ये कंटेनरचे ट्रेलर आमच्या दारावरून बंदराकडे जातात आणि आम्ही त्यांना शिव्या देतो. ते कुठून येतात याचा मी आजवर विचार केला नव्हता. या प्रवासात कळलं. मी घाट चढत होतो आणि ते ओळीनं उतरत होते, जणू मी पाहुणा जातोय म्हणून यजमान घर सोडून निघालेत.

आमच्याकडे कुणाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. मी सुके बोंबील नेले होते. प्राचीला आनंद झाला. तिनं पुडा गॅलरीत ठेवला आणि आम्ही गप्पा मारत बसलो. थोड्या वेळानं बेल वाजली. दारात सोसायटीचा सुरक्षारक्षक आणि त्याच्यामागे पान्हा घेतलेला माणूस.

"मॅडम, तुमच्या लाइनमध्ये गॅस लीक आहे का? ग्रुपवर चार जणांनी टाकलंय."

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. मी गॅलरीकडे पाहिलं.

"लीक नाही," सुहास गंभीरपणे म्हणाला. "काका आलेत."

रात्री दारं-खिडक्या लावून बोंबलाची चटणी झाली. पुन्हा बेल वाजली. या वेळी वरच्या मजल्यावरची एक मुलगी होती, मालवणची, हातात रिकामी वाटी. "मी ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं हां," ती आधीच म्हणाली. तिला भरपूर चटणी मिळाली.

उरणमध्ये अनोळखी माणसाला पहिला प्रश्न येतो, "कुणाचा तू?" मारुंजीत पहिला प्रश्न आहे, "गाव कुठलं?" इथे कुणीच कुणाचं नसल्यामुळे हा प्रश्न सोयीचा पडत असावा. लिफ्टमध्ये मला तो तीनदा विचारला गेला आणि उरण म्हटल्यावर तिघांनीही एकच सांगितलं, "अच्छा, पोर्ट." गावाचं नाव असं खोक्यावरच्या पत्त्यासारखं ऐकताना गंमत वाटली.

"काका, चित्र मिळालं नाही तर?" प्राचीनं झोपताना विचारलं.

"तर नाही मिळालं."

"असं नका ना म्हणू. मावशी म्हणायची, तुम्ही असं म्हणता तेव्हा तुम्हाला ते फार हवं असतं."

यावर मी दिवा मालवला.

चाकण

मारुंजीहून चाकणला जाताना देहूरोड लागतं. लष्कराच्या लांबच लांब भिंती आणि त्यांवर फोटो काढू नयेत अशा पाट्या. मी जन्मात कुठल्या भिंतीचा फोटो काढला नव्हता. पाटी वाचून पहिल्यांदा मोह झाला. "काका, मोबाइल खिशात," टॅक्सीवाला आरशातून म्हणाला. या मुलखात माणसाचा चेहरा फार चटकन वाचतात.

चाकणच्या रस्त्यावर पत्ता गावाच्या किंवा देवळाच्या खुणेनं सांगत नाहीत, कंपनीच्या गेटानं सांगतात. टायरवाल्यांच्या पुढे, काचवाल्यांच्या अलीकडे. गोडाऊन सापडलं. फाटकावर मला हेल्मेट, चमकणारं जाकीट आणि कुणाचे तरी पोलादी टोकाचे बूट चढवण्यात आले. बूट मापाला मोठे होते, त्यामुळे मी आत शिरलो तो एखाद्या पाणबुड्यासारखा. आयुष्यभर पुस्तकांच्या कपाटांमधून फिरलेल्या माणसाला इतकी उंच कपाटं आणि त्यांत एकही पुस्तक नाही, हे बघून चुकल्यासारखं झालं.

सुपरवायझर तरुण, अदबशीर होता. त्यानं संगणकात पाहिलं.

"सर, ते मटेरियल डिस्पोज झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलं. वाळवीची रिस्क होती ना सर. वुडन आयटम होते."

"चित्रं लाकडाची नव्हती हो. कापडावर होती."

"फ्रेम लाकडाची होती ना? मग सिस्टीममध्ये वुडन. टेबलं, खुर्च्या, जहाजं, सगळं एकच लॉट. चिखलीला गेलं, भंगारमध्ये."

त्यानं मला मुद्दाम ती जागा दाखवली. जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांचा एक चौकोन होता आणि त्यात आता मोटारींचे बंपर रचलेले होते. आम्ही दोघं तिथे जरा वेळ उभे राहिलो. शेवटी तो म्हणाला, "सर, चांगल्या कंडिशनमध्ये गेलं होतं. सर्दी-ताप काही नव्हता." मला वाटतं, त्याला मला हसवायचं होतं. मी हसलो.

चिखली

चिखलीत घरं आणि वर्कशॉप एकमेकांना इतकी चिकटून आहेत, की एका खिडकीत पोळ्यांचा वास आणि शेजारच्या खिडकीत वेल्डिंगच्या ठिणग्या. भंगारवाला दत्ता नांदेडकडचा. त्याच्या आवारात जगातली प्रत्येक वस्तू सुटी करून आपापल्या जातभाईंत ठेवलेली होती. खुर्च्यांचे पाय एकीकडे, पाठी एकीकडे, कुलपं एकीकडे, किल्ल्या भलतीकडेच.

"काय शोधायलात बाबा?"

"बँकेतून आलेली चित्रं. जहाजांची."

"बोटीची? ती व्हय! फ्रेमा गेल्या बगा. सागवान होतं, एक नंबर. एका भावानं सोफा केला त्याचा."

"आणि आतलं कापड?"

दत्तानं वर बोट केलं. त्याच्या शेडच्या छपराला आतून जहाजं ठोकलेली होती. "तेलाचा रंग हाय. थेंब येत नाही खाली. ताडपत्रीपेक्षा भारी." मी मान वर करून बघत राहिलो. डोक्यावर समुद्र, खाली भंगार, मध्ये मी. जहाजांच्या आजूबाजूला पांढरे पक्षी उडत होते आणि ते दिसताच माझा जीव भांड्यात पडला. शालिनी पक्षी कधीच काढत नसे. कर्जाला पक्षी लागत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

"ही माझ्या बायकोनं काढलेली नाहीत," मी म्हणालो.

दत्ताचा चेहरा उतरला. "म्हंजे वहिनी काढायच्या का? आधी सांगायचं की हो! आता मी हितं छपराला ठोकून ठेवलेत..."

"नाही, ही तिची नाहीतच."

"मग बरं," तो म्हणाला आणि त्यानं चहा मागवला. चहा पिता पिता त्याला आठवलं. "एक मोठं होतं. त्याच्या धुरांड्यावर रंगाचा असा ढेपसाच होता, हात फिरवला तर हाताला लागायचा. ते बबनशेठनं उचललं, फ्रेमीसकट. चाकणकडचे शेठ. ट्रेलरवाल्यांना फायनान्स करतात. म्हणले, दत्ता, ऑफिसात लावायला काहीतरी भारदस्त पाहिजे."

मी कप खाली ठेवला.

"आता नका जाऊ," दत्ता म्हणाला. "सकाळी जावा. सकाळी शेठ गोड बोलतात."

बबनशेठचं ऑफिस

बबनशेठचं घराणं चाकणजवळच्या एका गावातलं, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारं. जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर ट्रेलर उभे करायचं आवार आहे आणि आवाराच्या टोकाला ऑफिस. बँका ज्याला दारात उभं करत नाहीत त्याला शेठ ट्रेलर घ्यायला पैसे देतात. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा बाकावर तीन-चार ट्रेलरमालक बसले होते. समोर शेठ. आणि शेठच्या डोक्यावर, सागवानी चौकटीत, जलनंदा.

मी तिला ओळखलं आणि ओळखलंही नाही. समुद्र शालिनीचा होता. कडेचा तो हिरवट काळा रंग ती कशात काय मिसळून करायची, हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. पण जहाजाचं नाव आता 'भैरवनाथ कृपा' होतं. धुरांडं भगवं, त्यावर पिवळा पट्टा. नाळेवर काळी बाहुली लटकत होती. पुढे नंबरप्लेट होती. कप्तानाच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना, ट्रकला असतात तसे, आरसे काढलेले होते. आणि मोकळ्या डेकवर, जिथे तिनं मालाच्या कोठारांवरच्या झाकणांच्या नुसत्या चौकोनी ओळी काढल्या होत्या, तिथे बोटभर लांबीचे ट्रेलर उभे होते. लाल, निळे, पोपटी. दाटीनं, पण शिस्तीत.

"आरसे कशाला?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"एवढं मोठं वाहन आन्‌ आरसा न्हाई?" शेठ म्हणाले. "आमचा पेंटर म्हनला, मागचं कसं दिसनार? बसा सर. जेवून घ्या आधी, मंग काम."

नाही म्हणायची सोय नव्हती. ताट आलं. बाजरीची भाकरी, झणझणीत रस्सा आणि मासवडी. मासवडीत मासा नसतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी घास घेताना जीभ काटा शोधत होती. बेसनाच्या वडीला माशाचा आकार आणि नाव देऊन हे लोक समुद्रापासून इतक्या लांब सुखात राहिलेत, हे मला तरी कौतुकाचंच वाटलं.

जेवताना शेठनी डेकवरच्या ट्रेलरांचा खुलासा केला.

"पैला गडी कर्जातनं सुटला, तवा चेष्टेत म्हनला, शेठ, माझी गाडी चढवा बोटीवर. चढवली. दुसरा सुटला, तो बी म्हनला माझी चढवा. आता अशी गत हाय, की कर्ज फिटल्याचा कागद उद्या दिला तरी चालंल, पर आधी गाडी चढवा म्हनत्यात."

"कागद घरात ऱ्हातो शेठ," बाकावरचा एक जण म्हणाला. त्याचं नाव पोपट. "बोट समद्यांना दिसती."

मग मी येण्याचं कारण सांगितलं. शालिनी, फोर्टातली शाखा, स्टूल, वर्षश्राद्ध. हे सगळं मी परक्या माणसांसमोर एका दमात कसं बोललो, मला ठाऊक नाही. बबनशेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"न्या," ते म्हणाले. "इचारताय काय? वहिनींच्या हातचं हाय. पोरांनो, उतरवा खाली."

कुणीच उठलं नाही.

"शेठ," पोपट म्हणाला, "न्हेऊ द्या की. पर माझी गाडी उतरवा, मंग न्या."

"माझी बी," दुसरा म्हणाला.

"आरं, येडे का काय! चित्रातली गाडी ती!"

"चित्रातली आसंल. त्या बोटीकडं बघून हप्तं भरलं आमी."

"बोटीकडं बघून? माझ्या तोंडाकडं बघून भरलंस, लेका!"

"तुमच्या तोंडाकडं बघून कोन भरंल, शेठ?"

सगळे हसले, शेठही हसले, पण कुणी उठेना. कोपऱ्यात पेंटर डबे उघडत होता. त्याला विचारलं, गाड्या पुसता येतील का. त्यानं थिनरची बाटली दाखवून मान हलवली. "वरचं काढताना खालचं पण निघणार सर. माझा रंग आणि मॅडमचा रंग आता एकच झालाय."

तेवढ्यात दाराजवळ बसलेल्या बाईंनी विचारलं, "मग माझी आज चढणार नाही का?"

त्यांचं नाव मंगल, बीडकडच्या. नवऱ्यानं ट्रेलर घेतला आणि कर्ज अर्धं फिटायच्या आत तो गेला. बाईंनी गाडी विकली नाही. ड्रायव्हर ठेवला, स्वतः डिझेलपासून टायरपर्यंत सगळं बघितलं आणि आता गाडी सुटली होती. पेंटर आज आला होता तो त्यांच्यासाठी.

"तुमच्या बायकोनं काढलंय का हे?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग तुमचं हाय. घेऊन जावा," त्या म्हणाल्या. पदर सारखा करून उठायला लागल्या, पण उठल्या नाहीत. चित्राकडेच बघत होत्या. पुढच्या अंगाला, नाळेजवळ, एका गाडीपुरती जागा उरलेली दिसत होती. बहुधा कितीतरी दिवस त्यांनी ती जागा मनात धरून ठेवलेली असावी.

मला ते चित्र हवं होतं. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. घाट चढून मी त्यासाठीच आलो होतो आणि मालकानं न्या म्हटलं होतं. हात पुढे केला असता तर या माणसांनी, कुरकुरत का होईना, चौकट खाली उतरवून दिली असती. कापडात गुंडाळून, दोरी बांधून.

मी म्हणालो, उरणच्या दमट हवेत कॅनव्हासला बुरशी धरते. चित्र इथेच बरं.

हे कारण खरं आहे. कुठल्याही निर्णयाला एक खरं कारण लागतं. तेच कारण असतं असं मात्र नाही.

आता बबनशेठ हट्टाला पेटले. "असं फुकाट न्हाई ठिवायचो मी. दत्त्याला मी पैसं दिलं, पर तो काय मालक न्हवता. मालक तुमी. आता ही बोट माझ्याकडं ऱ्हायची तर तारन म्हनून ऱ्हाईल."

"पण मी तुमच्याकडून कर्ज कुठे घेतलंय?"

"मासवडी खाल्ली न्हवं?"

"खाल्ली."

"झालं तर. त्या ताटापायी बोट तारन. व्याज न्हाई, मुदत न्हाई. आन्‌ तुमी ते फेडायचं न्हाई, बरं का. फेडलंत तर मला बोट परत द्यावी लागंल, आन्‌ ही पोरं मला हानत्याल."

अशा रीतीनं मी त्या दिवशी भाकरी खाऊन उठेपर्यंत जहाजमालक झालो होतो आणि कर्जदारही. बहुतेक जहाजमालक दोन्ही एकदमच होतात, असं शालिनी सांगायची.

मंगलताईंचा ट्रेलर चढताना मी शेजारी उभा होतो. पेंटरनं लाल रंगाचा डबा उघडला तर बाई म्हणाल्या, "लाल नको. लाल मी मागून दिला. ह्यांनी घेतली तेव्हा निळी होती."

निळी झाली. मग त्या म्हणाल्या, "खिडकीतनं हात काढा बाहेर. हे असाच हात बाहेर टाकून बसायचे, कितीबी बोलले तरी."

"ताई, एवढ्याशा गाडीत हात दिसणार नाही."

"दिसू द्या."

पेंटरनं सगळ्यात बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला आणि खिडकीला एक ठिपका लावला. मंगलताई जवळ जाऊन, लांब जाऊन बघत राहिल्या. "हाय," त्या शेवटी म्हणाल्या. पोपटनं पेढे वाटले. पेढे मंगलताईंनीच आणले होते, पण वाटण्याचा मान त्यानं आपणहून घेतला.

निघताना मी एकच गोष्ट केली. शेठच्या खुर्चीवर चढून धुरांड्यावर हात फिरवला. शेठनी खुर्ची धरली होती. रंग खरंच जाड होता.

उरण

परत येऊन आता काही महिने झाले. जिथे चित्र लावायचं ठरवलं होतं, त्या भिंतीवर खिळा आहे, चित्र नाही. वाचनालयातल्या मंडळींना मी माझं जहाज चाकणला आहे असं सांगतो. कुठल्या बंदरात, असं ते विचारतात. मग मी विषय बदलतो.

बबनशेठ व्यवहाराला पक्के निघाले. नवी गाडी चढली की फोनवर फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "मालकांच्या माहितीसाठी." मी अंगठ्याचं चिन्ह पाठवतो. आपली मालमत्ता लांबून वाढताना बघणं हा सुखाचा धंदा आहे, हे मला या वयात कळलं.

गेल्या आठवड्यात फोटोऐवजी फोनच आला.

"सर, अडचन झालीय. डेक भरलं. आज एक गाडी सुटली, लावायला जागा न्हाई. पेंटर म्हनतोय, पैल्या गड्यानं त्याचा ट्रेलर मोडीत काढला, तवा त्याची गाडी पुसावी आन्‌ तिथं ही लावावी. पर मालक तुमी. तुमच्या परवानगीबिगर मी हात लावायचा न्हाई."

"त्याचा ट्रेलर आता अजिबात नाही?"

"न्हाई वो. भंगारात गेला. दत्त्याकडंच गेला आसंल."

मी खिडकीशी उभा होतो. खालून ट्रेलर बंदराकडे चालले होते. फोनवर शेठच्या मागे पोपटचा आवाज येत होता.

"हॅलो? सर? काय करू? पुसू का?"

"नको," मी म्हणालो. "कुणालाही उतरवू नका."

"मंग नवी गाडी कुठं लावायची, मालक?"

"सगळ्यांना जरा सरकून घ्यायला सांगा."